खटका

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
लेथ गप्प, फाउंड्रीच्या धुरांड्यावर कावळा.
बाबालाल शिकलगार शटर अर्धंच वर करतो,
आपण वाकून आत जायचं.

काम साधं आहे.
पातं व्हाइसमध्ये आवळायचं, धार जमिनीकडं,
मूठ आडवी, हवेत.
मुठीच्या टोकाला तारेचा आकडा
आणि आकड्याला वजनं.
पाच किलो. दहा. पंधरा.
दर खेपेला एक मिनिट थांबायचं.
लोखंडाला विचार करायला वेळ लागतो,
असं बाबालाल म्हणतो,
आणि बशीत चहा ओततो.

वजनं मार्केट यार्डातली, गुळाच्या अडतीतली.
इलेक्ट्रॉनिक काटा आला तशी भंगारात निघालेली.
कड्या हातांनी गुळगुळीत झालेल्या,
बुडाला शिसं, शिशावर सरकारी ठसा,
साल वाचता येत नाही.

गिऱ्हाईक येतं, अंगठा फिरवतं, धार बघतं.
फार तर विचारतं, गंज धरंल का?
खटका कुणी विचारत नाही.
बाबालालच्या आज्यापणज्यांनी नुसती धार लावली,
विळ्यांना, कोयत्यांना, अडकित्त्यांना.
न मिटणाऱ्या हत्याराला खटका कशाला?
ही भानगड आमच्या वेळची.
आत एक पितळी पट्टी,
नखाएवढी जाड,
पातं उघडलं की त्याच्या बुडाशी येऊन उभी राहते.
बस, तेवढीच.
सगळा भरवसा त्या उभं राहण्यावर.

जत्रेतला चकचकीत चाकू बारा किलोला गेला.
टक्.
साताऱ्याहून आलेला बाविसाला.
आमचा नवा अजून लटकतोय.
वजनं संपली तेव्हा बाबालालनं
पोत्यात बांधून गुळाचा रवा अडकवला,
तीस किलोचा,
आणि मुंग्या कुठून आल्या कोण जाणे, पण आल्या.

मग त्यानं खालचा खण ओढला.
वर्तमानपत्राची पुडी.
नऊ वर्षं झाली.

धुळाप्पा अडतीत रव्याचा नमुना काढायचा.
थंडीतला गूळ, दगडासारखा.
पातं आत रुतलं, त्यानं हिसका दिला,
मूठ मिटली.
दोन बोटं.
चाकूवर शिक्का बाबालालचा.
पट्टी मी घासलेली,
शनिवारी, सहाच्या पुढं, घाईत.
धुळाप्पा भांडायला आला नाही.
कुणाच्या तरी हाती चाकू परत पाठवला,
निरोप एवढाच,
"खटका तेवढा बघा."

पट्टी मी घासली हे बाबालालला माहीत आहे.
त्याला माहीत आहे हे मला माहीत आहे.
यावरनं आमचा कधीच
खटका उडालेला नाही.

पाच किलो. धरला.
दहा. धरला.
मी मनात दहाच धरले होते,
दहाला सुटला असता तर बरं झालं असतं.
पंधरा. वीस. पंचवीस.
मग तो रवा, मुंग्यांसकट.
एक मिनिट.
बाबालालनं आणखी एक मिनिट दिलं.
पट्टी उभीच.

"मग त्या दिवशी काय झालं?"
मी विचारलं, की नुसतं वाटलं विचारल्यासारखं.

त्यानं वजनं उतरवली, चाकू हातात घेतला,
बोटं लांब,
आणि लाकडी हातोडी पात्याच्या पाठीवर
हळूच आपटली,
झोपलेल्या पोराला थोपटावं तेवढीच.
टक्.

वहीत लिहिलं,
तीस किलो, ठीक. पाठीवर थाप, गेला.
तारीख घातली. सही करायला मला पेन दिलं.
वहीवर आजवर कधीच सही नव्हती लागली.

परवा लक्ष्मीपुरीत धुळाप्पा दिसला,
डाव्या तळव्यावर तंबाखू मळत होता,
उजव्याच्या उरलेल्या तीन बोटांनी,
आणि छान मळत होता.
त्यानं हात केला. मी पण केला.
हे मी बाबालालला सांगितलं.
"बोलवूया का त्याला एका सोमवारी?"
"तो म्हणंल, कशाला?"

मग त्यानं भाकरीचं फडकं सोडलं,
पातं पुन्हा उघडलं, पुसलं,
त्याच चाकूनं कांदा चिरला
आणि मोठी फोड माझ्याकडं सरकवली.