एकाहत्तर शेळ्या

उल्गीहून उलानबाटर, तीन तास.
पन्नास आसनं, दोन पंखे, आणि मी.
तेच वाक्य तीन भाषांत म्हणते.
मंगोलमध्ये तो हुकूम वाटतो, इंग्रजीत विनंती,
कझाकमध्ये माझे उच्चार ऐकून लोक हसतात.
फोन बंद करा, नाहीतर फ्लाइट मोडवर टाका.

हो हो म्हणतात सगळे.
शालीखाली अंगठे चालूच.
खाणीतला इंजिनियर शेवटचा हिशेब धाडतो,
तिसऱ्या रांगेतला पैलवान कानातली बोंडं काढतो,
मी पुढे सरकले की परत घालतो.
अकरा वर्षांत एवढंच कळलंय मला,
पट्टा माणूस लगेच बांधतो,
फोन मात्र त्याच्याच्यानं सोडवत नाही.

नऊ-अ वर साइलाउ आजोबा.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यासाठीच निघालेले.
मुठीत बटणांचा फोन,
झाकण पडू नये म्हणून रबरबँड लावलेला.
फ्लाइट मोड त्यात नव्हताच. म्हटलं, बंद करा.
म्हणाले, बंद होतो गं पोरी, उघडत नाही.
उघडायला चार आकडे लागतात,
ते नातीनं घातलेले. तीनदा चुकलं की कुलूप.
आणि भाचा म्हणालाय, उतरलात की फोन करा, मग निघतो.

नियमांच्या पुस्तकात याचं पान नाही.
दार अजून उघडं होतं.
लावा नातीला, म्हटलं.
त्यांनी लावला, आणि ओरडून बोलले,
पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलावं तसे.
मेरुएर्तही त्यांचीच नात,
अख्ख्या विमानाला ऐकू गेली:
चाळीस मेंढ्या, एकाहत्तर शेळ्या!
आपलाच कळप, आजोबा, विसरता कसे?

मागे कोणीतरी हसलं.
मी दार लावलं. त्यांनी बटण दाबून धरलं,
फोन विझला तरी बराच वेळ दाबूनच धरलं.

वाटेत काही झालं नाही.
खाली बर्फ, मग बर्फावर ढग,
मी चहा दिला, त्यांनी साखर खिशात ठेवली.

चाकं टेकली. अजून धावतोच आहोत,
तोवर माझ्या वाक्याला न थांबता
किणकिण सुरू झाली पुढून मागून,
तीन तासांचे तुंबलेले निरोप एकदम.
आजोबांनी चाचपत चार बटणं दाबली.
चूक.
पुन्हा दाबली, या वेळी सावकाश.
चूक.

वाकून विचारलं, काय दाबलंत?
चाळीस. साठ.
मागच्या रांगेत सुकं दही चघळणारी बाई म्हणाली, एकाहत्तर!
पैलवान बोंडं काढून म्हणाला, एकाहत्तर.
इंजिनियरनं पडद्यावरची नजर न उचलता, एकाहत्तर.
खिडकीजवळच्या एका पोरानं तर
आकडे सुटे करून सांगितले, शाळेतल्यासारखे.

आजोबा भडकले.
मागे वळून साऱ्या विमानाला सुनावलं,
साठच आहेत!
अकरा मेल्या या थंडीत.
मी ओढून नेल्यात एकेक, मला शिकवता?

यावर कोणी काही बोललं नाही.
एक फोन किणकिणला, कोणीतरी तो घाईनं दाबला.
मग मीच म्हटलं, माझ्या मोडक्या कझाकमध्ये,
या फोनला अजून कोणी सांगितलेलं नाही, आजोबा.

त्यांनी फोन डोळ्यांशी नेला,
जणू त्याच्याकडून खात्री करून घ्यायची होती.
चार. शून्य.
थांबले.
सात.
शेवटचं बटण त्यांनी अंगठ्यानं दाबलं, पार आत जाईपर्यंत.

पडदा उजळला, हिरवा.
भाच्याला म्हणाले, उतरलो. ये.
पलीकडून कळपाचं विचारलं असावं.
हो, म्हणाले. आहेत.