एकशे तेरा

तिसऱ्या दिवशी रंग बदलायला हवा.
खसखशीएवढं अंडं, आधी लिंबाच्या सालीचं,
मग मळकट, मग पाटीवरच्या पेन्सिलीसारखं करडं.
मार्गिलानच्या बीजागारात एकोणीस वर्षांपूर्वी
एवढंच शिकवलं मला, आणि एवढंच येतं.

आज पाचवा.
कागद दोनशे सात. अंडी एकशे बारा,
असायची चारशेच्या वर.
करडी नऊ.
बाकी पिवळीच. काहींना मध्ये खळी पडलीय
गालावर पडते तशी, पण हसण्याची नव्हे.

कोष होसियतच्या घरचे.
कोषांत खोट नव्हती: पांढरे, घट्ट,
कानाशी हलवले की आत खुळखुळणारे.
एप्रिलमध्ये बीज आणलं तेव्हा
पुरचुंडी कुशीत घेऊन झोपायची ती, सासू झोपायची तशी;
नवरा कूस बदलायला घाबरायचा.
पुढे पलंग अंगणात आले
आणि दोन्ही खोल्या अळ्यांच्या झाल्या.

तुती गव्हाच्या बांधावर.
गव्हावर फवारलं त्या दिवशी वारा घरांकडे होता.
तिला वास आला. तिने फांदी न् फांदी पाटात धुतली,
डोईच्या रुमालाने पान न् पान टिपलं.
पाट त्याच गव्हातून येतो.

एकही अळी मेली नाही.
तक्रारीच्या कागदावर रकाना एकच, 'मेलेल्या अळ्या'.
तुर्सुनबोय म्हणाला, शून्य लिही आणि सही कर.

पाकोळ्याही वेळेवर निघाल्या.
नर थरथरले, बिलगले,
चार तासांनी जोड्या मीच सोडवल्या,
दोन बोटांनी, जराशा पिळून.
माद्या कागदावर ठेवल्या, वर पत्र्याची टोपी.
काही चुकलं नाही,
आणि हे कुणाला सांगायचं ते कळत नाही.

दुपारी होसियत फाटकाशी, पदरात जर्दाळू.
"किती करडी झाली?"
"मोजतेय अजून."
तिने माझ्या नखांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.
"पुढच्या वर्षी कब्रस्तानातली तुती तोडीन.
तिथे कुणी फवारत नाही."

जर्दाळू खिडकीत ठेवले. धुऊ की नको, ठरेना.

दोनशे सातची मादी अजून चालतेय,
पोट टेकवते, उचलते,
पुन्हा टेकवते.
मी टोपी झाकली
आणि बारा खोडून तेरा केलं.