बिनबोभाट

क्लायपेदा बंदरात, सातव्या धक्क्यामागच्या खोलीत
दोन स्विचांमध्ये दोन केबली आहेत, दोन्ही पिवळ्या.
एकीतून सगळं जातं:
ट्रकांची वजनं, केळ्यांच्या कंटेनरचं तापमान,
फाटकावरचा कॅमेरा,
अल्दोनानं क्रेनच्या केबिनमधून लेकीला केलेला फोन.
प्रत्येकाच्या कपाळी आपापल्या खात्याचा आकडा,
म्हणून वाट एकच असून कुणी कुणात मिसळत नाही.

दुसरी गप्प.
दिवा केशरी.
ऐकते मात्र. दर दोन सेकंदांनी पलीकडून येतं,
आहे मी, आहे मी.

हिशेबखात्याच्या दांगुओलेबाईंनी वाइदोतासला विचारलं होतं,
ही काय करते?
काही नाही.
मग पैसे कशाचे?
काही न करण्याचेच, तो म्हणाला.
बाईंनी बराच वेळ फॉर्मकडे पाहिलं
आणि 'इतर'वर खूण केली.

दोघींना एकदम बोलू दिलं तर काय होतं
ते मी पहिल्याच महिन्यात पाहिलं, माझ्याच हातून.
घाईत पहारा बंद केला होता.
एका प्रिंटरनं विचारलं, अमुक पत्त्याचं इथं कोण?
साधा प्रश्न.
या केबलनं गेला, त्या केबलनं परत आला,
दर फेरीला प्रत्येक दारावर तीच थाप.
अशा प्रश्नांना वय नसतं, ते मरत नाहीत.
सगळे दिवे वेड्यासारखे हिरवे, आणि बंदर ठप्प.
वाइदोतास आला, एक केबल उपटली,
मला म्हणाला, उग्ने, जा, चहा घे.
एवढंच.

काल पहाटे तीन बारा.
धुक्यात खोदाईयंत्राचा दात बोलणारीवर पडला.
मी खुर्चीतून उठलेही नव्हते.
केशरी दिवा.
पंधरा सेकंद तिनं नुसतं ऐकलं,
पंधरा सेकंद कोण कुठं राहतं ते शिकून घेतलं
(वर अल्दोनाचा कंटेनर हवेत लटकलेला)
आणि मग हिरवा.
ट्रकांची वजनं परत सुरू, कोपऱ्यापासून.

सकाळी जिन्यात अल्दोनाला विचारलं,
रात्री काही जाणवलं?
क्रेन जरा अडली वाटतं, म्हणाली.
मी तेवढ्यात पाव खाल्ला. काळा. जिऱ्याचा.

वाइदोतास आता खाडीपलीकडे, निदाला,
मासे धुरावतो.
त्याला कळवायला मेसेज लिहिला, मोठा,
मग खोडला, फक्त वेळ ठेवली: तीस सेकंद.
उत्तर दुपारी आलं: जास्तच आहेत. जुने स्विच बदला.

संध्याकाळी तुटलेली जोडली.
पुन्हा अर्धा मिनिट, आणि दुसरीचा दिवा
केशरी.
आभार मानायची पद्धत नाही इथं.
नोंदवहीत वेळ लिहिली,
आणि तिच्यावरची धूळ
बाहीनं पुसली, जपून, खेच बसणार नाही अशी.