मातीमोल

गॉलवेहून साडेदहाच्या बोटीनं आलेला पोरगा
वावराच्या दगडी गडग्यापाशी येऊन थबकला.
फाटक शोधत होता. आमच्या बेटावर फाटक नसतं,
चार दगड उतरवायचे, आत शिरायचं,
आणि वळून तेच चार परत रचायचे.
त्यानं पाच उतरवले. मी काही बोलले नाही.

खांद्यावर गिरमिट, कंबरेला पिशव्या,
गळ्यात ओळखपत्र: ओरान, मृदा सर्वेक्षण.
तक्ता काढून विचारू लागला.
उतार? समुद्राकडे.
निचरा? नको तितका.
मूळ खडक? तुझ्या पायाखाली आहे, चुनखडी.
मातीचा उगम?
लिही, म्हटलं, माकदारा. माझा आजा.

तो हसला. मी नाही.

इथं नुसता खडक होता रे, बशीसारखा.
आधी भेगा बुजवायच्या, खडे ठोकून ठोकून,
नाहीतर वर घातलेलं सगळं पाताळात गळतं.
मग वाळूचा थर. वर शेवाळाचा.
पुन्हा वाळू, पुन्हा शेवाळ,
जानेवारीत, मांड्यांपर्यंत पाण्यात उभं राहून कापलेलं,
पाटीतून पाठीवर, पाठीवरून इथं,
आणि पाटीतलं खारं पाणी मणक्यावरून खाली बुटांत.
शेणसुद्धा मातीला पुरतं मिळालं नाही कधी,
झाड नाही बेटावर जाळायला,
त्याच्या गोवऱ्या व्हायच्या.
समोरून कॉनेमाऱ्याची गलबतं दलदलीतलं जळण आणायची,
त्या काळ्या विटा,
आणि जाताना आमची चुनखडी न्यायची.
त्यांची माती आंबट, आमच्याकडे मातीच नाही.
असा सौदा.

त्यानं गिरमिट फिरवलं.
एक वीत, दीड वीत, आणि मग खट्.
एकतीस सेंटीमीटर, तो म्हणाला.
एकतीसला त्यांना चाळीस वर्षं लागली, मी म्हटलं.
नळीतून जे वर आलं त्यात
शिंपल्याचा चुरा, मातीच्या चिलमीचा तुकडा,
एक हाडाचं बटण.
बटण मी काढून घेतलं. ते तुमच्या तक्त्यात बसत नाही.

माझा बाप गेला तेव्हा
कबरस्तानातल्या वाळूचीच मूठमाती दिली आम्ही.
मेल्या माणसाला वाळू चालते.
माती चुलत्यानं त्याच दुपारी बटाट्यांना ओढली,
पाऊस येणार होता म्हणून.
कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन किलो लागेल, ओरान म्हणाला.
अर्धा ने.
नियम दोनचा आहे.
नियम ज्यानं केला त्याला जानेवारीत पाठव.
थोडा वेळ वाराच काय तो बोलला.
मग त्यानं अर्धा किलो मोजला, खड्डा मुठीनं दाबला,
चुकीच्या क्रमानं पाच दगड रचले,
आणि धक्क्याकडे निघाला.

मी मागे गेले. बूट दाखव, म्हटलं.
बटाट्याच्या सुरीनं दोन्ही तळवे खरवडले,
खाचाखाचांतून, टाचेच्या कडेनं,
आणि ते सगळं एप्रनच्या खिशात घातलं.
बोटीवरचे प्रवासी बघत होते. बघू देत.
मातीमोल म्हणजे फुकट, असं मुख्य भूमीवर म्हणतात.

नोव्हेंबरात पार्सल आलं.
अहवालाचं एक पान: मानवनिर्मित, उथळ, क्षारयुक्त.
पिशवीत उरलेली माती,
वाळवलेली, चाळलेली, पिठासारखी बारीक,
शिंपले नाहीत, मुळं नाहीत.
ओळखूच येईना.
पोस्टमन म्हणाला, काय आलंय एवढं,
तिकिटंच चौदा युरोंची?
मी चिमूटभर जिभेवर ठेवली.
खारट होती अजून.

तेवढी नेऊन टाकली खड्ड्याच्या तोंडाशी,
पाचवा दगड काढून बाजूला ठेवला.
ओहोटी लागली होती.
पाटी घेतली.