नखुरडं

दिवसाला सहा जोडांच्या वेण्या विणते मी
सुभाषनगरात, खिडकीच्या उजेडाला.
चपलेला कान असतात, अंगठा असतो.
कुणाची वेणी कुठं सैल पडली
ते मला लांबून दिसतं,
आणि घरातल्या पोराचा अंगठा
पंधरा दिवस मोज्यात,
मला पत्ता नाही.

आधी वास आला.
भिजल्या कातड्याच्या घरात राहिलं
की दुसरा वास लगेच वेगळा पडतो.
"काय न्हाई गं," म्हणाला उत्कर्ष
आणि पाय खाटेखाली सरकवला.
शनिवारी सामना. पेठेच्या संघात नुकतंच नाव लागलेलं.
बूट पम्याचे जुने, अर्धा नंबर कमी.
"घट्टच पायजेत, बॉल नीट बसतो."

चपला करणाऱ्याचं पोर
आणि पाय दुसऱ्याच्या मापात.

मोजा सोलून काढला.
कडेचं मांस नखावर चढलेलं, तट्ट, लाल,
आणि त्यात एक सरळ चीर.
"रापी लावलीस?"
गप्प.
"धुतलीवतीस तरी?"
गप्प.
त्या रात्री रापी, आरी, सगळं ट्रंकेत.
किल्ली माझ्या कमरेला.

बायजाक्का म्हणाली, लिंबू खोच अंगठ्यात.
मी परातीत कोमट पाणी घेतलं, मूठभर मीठ.
कातडं कोरडं वाकवलं तर तडकतं,
भिजवलं की ऐकतं.
पोरगंही थोडं ऐकलं.
पाण्यात पाय ठेवून, माझ्याकडं न बघता म्हणालं,
"झोपेत चादर लागली तरी जीव जातोय, आई."

सकाळी कागलकर बाईंचा दवाखाना.
सुई अंगठ्याच्या बुडाशी, दोन्ही अंगाला.
ओरडला तो तेवढाच.
मग चिमट्यात आली नखाची एक चिंबळी,
माशाच्या काट्याएवढी.
एवढंसं, आणि धिप्पाड पोराला लंगडं केलेलं.

"ह्याची नखं कोण कापतं?"
मी.
म्हणजे आता नाही, पण सवय माझीच.
"कोपरे गोल करता?"
होय. चपलेची टाच करते तशी,
रविवारी, त्याचा पाय मांडीवर घेऊन.
मला ते देखणं वाटायचं.

"सरळ कापायचं. फार खोल नाही.
कोपरा मांसाच्या बाहेर दिसला पाहिजे,
आत दडला की तो वाढतो आतच."
बाई पट्टी बांधत बोलत होत्या
आणि मी मान हलवत होते
शाळेत हलवायचे तशी.

शनिवारी तो घरीच. पाय उशीवर, फोन छातीवर.
संघ हरला.
"मी असतो तरी हरलो असतो," म्हणाला.
तीनदा म्हणाला.

रविवारी जमिनीवर कागद पसरला.
"ठेव पाय."
ट्रंकेत किती पावलं आहेत माझ्या,
सांगलीची, पुण्याची, एक तर दुबईचं,
पेन्सिलनं काढलेली, नावं घालून ठेवलेली.
उत्कर्षचं एकही नव्हतं.

टाचेपासून कड धरून आले.
अंगठ्यापाशी पेन्सिल जरा लांबून नेली.
"खोटं माप काढतीस."
"होय की.
तिथं मोकळी जागा पायजे. बूट घेताना हाच कागद न्यायचा."

नवं नख पुरं यायला वर्ष लागेल, बाई म्हणाल्या.
मी कागदावर तारीख घातली.
पट्टीतून अंगठा हलवून बघत होता तो,
मी बघत नाही असं समजून.