उरलेले रंग

कचराकुंडीच्या कडेला उभं होतं ते,
जूनमध्ये शाळा सुटल्या की
अबू शगाऱ्यात सगळ्याच कुंड्यांशी उभं असतं तसं:
कुणाची गादी, टीव्हीचा स्टँड,
पाळण्याच्या दोन बाजू.
चार खणांचं कपाट, एक मूठ गायब.
मुश्ताकला म्हटलं, धर त्या बाजूने.
तो म्हणाला, लोक बघतील.
लोक आपापली खोकी बांधत होते.

सगळ्यात खालच्या खणाच्या तळाला
पेन्सिलीने मल्याळी अक्षरं आणि आकडे.
हिशेब असावा, बेरीज अर्धी सोडलेली.
तेवढी जागा मी पॉलिशपेपरने घासली नाही.

मुश्ताक रंगकामाच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो.
कामं संपली की डबे परत येतात,
तळाशी चार बोटं रंग, कधी दोनच,
झाकणावर मार्करने लिहिलेलं:
व्हिला सतरा, मजलिस.
दवाखाना, पहिला मजला.
शाळेचं कुंपण.
मालक म्हणतो न्या, फेकायलाही दिरहम पडतात.
अशी आमच्याकडे जमली
ज्यांच्या दारात आम्ही कधी गेलो नाही
त्यांच्या भिंतींची साय.

एका डब्यावर नुसतं 'लहान खोली'.
आत गुलाबी, जवळजवळ भरलेला.
एक भिंत झाली होती, मुश्ताक म्हणाला,
मग फोन आला, सगळं पांढरं करा.
का, ते विचारायची पद्धत नाही.
दोन हात मारले तरी गुलाबी डोकावत होता,
तिसरा मारावा लागला.
तो डबा मी मागे सरकवला.

घरात रंगवायचं तर एसीत वास कोंडतो,
गच्चीला कुलूप, किल्ली नातूरकडे.
गुलजमीरने दोन महिने 'उद्या' म्हटलं,
ऑगस्टात एकदा रात्री अकराला वर घेऊन गेला.
हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसलेली,
डिशच्या छत्र्यांमध्ये आमचं कपाट
आणि मी, मॅक्सी खोचून, हातात दोन इंची ब्रश.

भिंतीचा रंग लाकडाला धरत नाही,
मुश्ताक तीनदा म्हणाला.
बाणकोटला आमच्याकडे सगळं धरायचं.
अब्बांच्या होडीचा निळा उरला
की मागच्या दाराला, मग विळीच्या पाटाला,
तरीही उरला तर कोंबड्यांच्या खुराड्याला.
अख्ख्या मोहल्ल्यात कुणाची होडी कोणती
हे खुराडी बघून सांगता यायचं.
अब्बांची होडी विकली
तेव्हा कोंबड्या त्याच निळ्यात झोपत होत्या.

वरचा खण मजलिस, दुधाळ चहाच्या रंगाचा.
दुसरा दवाखाना.
तिसऱ्याला कुंपणाचा हिरवा, दोन हात,
कारण जुनी तपकिरी काही केल्या हटेना.
चौथ्यापर्यंत येताना हिरवा संपला,
मग दवाखान्यात थोडी मजलिस मिसळली
आणि जे झालं ते झालं.
गुलाबी मी आतून दिला,
चारही खणांना, जिथे कपडे राहतील.
बेरजेभोवती ब्रश हळू फिरवला.

गुलजमीर टाकीला टेकून बघत होता.
मध्येच उठून खाली गेला,
त्याचं लोखंडी स्टूल घेऊन आला,
गंज आलेलं, तीन पाय आणि एक वीट.
उरलंय का काही, म्हणाला.
गुलाबीच होता.
त्याने डब्यात वाकून पाहिलं,
कितीतरी वेळ पाहिलं,
मग माझ्या हातातला ब्रश घेतला
आणि पायांपासून सुरुवात केली.

कपाट वाळायला चार दिवस लागले.
स्टुलाचा रंग अजून बोटाला लागतो,
गुलजमीरच्या सलवारीवर मागे एक गोल आहे.
लिफ्टमधून उतरणारी पोरं हसतात,
तो मिशीत काही बोलतो, उठत नाही.

मुश्ताकच्या व्हिसाचं मार्चमध्ये बघायचंय.
कपाटावर सध्या इस्त्री, कुराण, चार्जर,
एक मूठ अजून आणायची राहिलीय.
तिसऱ्या खणाला रंग जरा जास्तच बसला,
तो सरळ ओढला तर येत नाही,
आधी थोडा उचलावा लागतो.
पाहुण्यांना हे सांगावं लागतं.
मुश्ताकच्या हाताला आता सवय झालीय,
झोपेतही तो बनियन काढताना
नेमका तेवढाच उचलतो.