सरकता किनारा

तांडेल सिस्टर मूळच्या हर्णैच्या.
बदली होऊन आमच्या आरोग्य केंद्रात आल्या
आणि तिसऱ्याच दिवशी विचारलं,
इकडं बघण्यासारखं काय आहे?
वेरूळ नका सांगू, ते सगळ्यांनाच माहीत आहे.

मी पाटबंधारे खात्यात पट्टी वाचणारा.
धरणाच्या फुगवट्याच्या काठाला रोवलेली,
लाल-काळ्या आकड्यांची पट्टी.
सकाळी आठला बघायचं पाणी कुठवर आहे,
वहीत लिहायचं, पैठणला फोन करायचा.
एकवीस वर्षं.
पाणी कसं दिसतंय, याला वहीत रकाना नाही.

म्हणालो, समुद्र आहे की आमच्याकडं.
त्या इतक्या हसल्या की रांगेतला तापाचा पोरगाही हसला.

रविवारी गाडीवर बसवून नेलं.
आधी दाखवला तो डांबरी रस्ता
जो उतारानं जातो तो सरळ पाण्यात,
मधला पांढरा पट्टासुद्धा तसाच.
कडेचा मैलाचा दगड गळ्यापर्यंत बुडालेला,
गावाचं नाव खाली, वर नुसतंच ४.
सिस्टर म्हणाल्या, आमचा रस्ता जेटीला संपतो.
हा तर कुठं संपलाय असं वाटत नाही.

मग गाळपेर.
पाणी जसं मागं हटतं तसा मोबीन पठाण पुढं सरकतो,
काळ्या गाळात बोटानं बी दाबतो.
नांगर नाही, औत नाही,
आणि ऑगस्टात सगळं परत पाण्याचं.
त्यानं गुडघ्यावर टरबूज फोडलं,
बिया आमच्यासमोरच मोजून बाजूला काढल्या.

उथळात रोहित उभे होते, शंभरेक,
कुणीतरी गुलाबी धुणं वाळत घातल्यासारखे.
सिस्टर एकदम गप्प.
हे आमच्या खाडीत येतात, म्हणाल्या,
म्हणजे यांना इथला पत्ता माझ्याआधी होता.

भोयांच्या तळावर सरूबाई लिंबोरे जाळं तुणत होती.
तिनं विचारलं, तुमच्या पाण्यात मीठ काहून असतंय वं?
सिस्टरनी उत्तर दिलं नाही,
बसकण मारली, जाळ्याचं दुसरं टोक मांडीवर ओढलं.
बोटं चालू लागली.
सरूबाईनं गाठ बघितली, ओढून बघितली.
तीच हाय, म्हणाली, फक्त उलट्या हाताची.
कालवण झालं तर मीठ कमी पडलेलं.
कुणी मागितलं नाही.

मे महिन्यात मी पुन्हा बोलावलं.
पाणी पार तळाला गेलेलं,
पट्टीचे खालचे आकडे,
जे एरवी मलाही पाठ नसतात, ते उघडे.
जुनी सावरखेडी वर आली होती.
गिरणीचा सिमेंटचा ओटा,
हापश्याचा दांडा,
शाळेच्या चार पायऱ्या, वर शाळा नाही.
भेगाळलेल्या गाळात शिंपलेच शिंपले.
सिस्टरनी चपला काढल्या,
लहान मुलीसारख्या वेचत सुटल्या,
रुमाल भरला, मग ओढणीचं टोक.
एक उचलून जिभेला लावला,
अजिबातच खारट नाही हो, म्हणाल्या,
आणि डोळे पुसले, ऊनही होतं.

त्या जिथं वाकल्या होत्या
ती भिंतीकडची तिसरी ओळ.
तिथं मी बसायचो, माझ्या पुढं दगडू आव्हाड,
त्याची पाटी फुटकी, त्यामुळं माझ्यावरच लिहायचा.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
त्या इतक्या आनंदात होत्या,
आणि शिंपल्यांना काय, कुणाच्याही ओळीत बसतात.

दुसऱ्या दिवशी आठला पट्टी वाचली.
पाणी अजून चार सेंटिमीटर खाली.
शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदाच लिहिलं,
शाळा दिसली.
थोडा वेळ ते बघत बसलो. पेन होतं निळं, खात्याचं.

फोनवर साहेबांनी आकडा उतरवून घेतला,
मग सवयीनं विचारलं, शेरा?

निरंक, म्हणालो.